टोपड्याची सत्यप्रत

मंडळाच्या अंकासाठी कचेरीतल्या आठवणी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी विचारलं, "किती खऱ्या लिहू?" संपादकबाई म्हणाल्या, "छापता येतील तितक्या." त्या मापानं लिहितो आहे.

झाशीच्या कचेरीच्या आवारात, एका लिंबाखाली, लाकडी तख्तावर बसून मी जन्मभर दस्तऐवज लिहिले. खरेदीखत, बक्षीसपत्र, मुखत्यारनामा, शपथपत्र. लोक मला मुंशीजी म्हणत. आमचे पूर्वज सुभेदाराच्या दफ्तरात कारकून म्हणून दक्षिणेतून इकडे आले. घरच्या बैठकीत मात्र त्यांचा उल्लेख 'दिवाण' असा होतो. घरातले जुने मोडी कागद माझ्याकडे आहेत आणि मला ते वाचता येतात. त्यांत दिवाण कुठेच नाही. शाई वेळेवर मिळत नाही अशी तक्रार मात्र आहे. माझीही तीच तक्रार होती. तेव्हा वंश शुद्ध आहे याबद्दल मला शंका नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दस्तऐवज लिहायला चांगलं अक्षर आणि थोडे जड शब्द पुरतात. जड शब्द कोणीही लिहितो. खरं काम असतं ते समोरच्याला काय हवं आहे आणि कायदा काय देतो, या दोहोंमधली फट बुजवण्याचं. माझे दोनच नियम होते. एक, सही करणाऱ्याला त्याच्या बोलीत सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. दोन, जे खोटं आहे हे मला स्वतःला ठाऊक आहे, ते शपथपत्रात लिहायचं नाही. जे नुसतं संशयास्पद वाटे ते लिहिलं. नाहीतर तख्त विकायची वेळ आली असती.

पहिल्या नियमाचा उपयोग कसा होतो ते सांगतो. एरचहून एक ठाकूरसाहेब आले होते. पत्नीच्या नावे घर बक्षीस द्यायचं होतं. स्वतःच्या नावाआधी त्यांनी साडेतीन ओळींच्या पदव्या सांगितल्या. मी एक अक्षर न गाळता लिहिल्या आणि मग नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागलो. दुसरी ओळ संपते तोच शेजारी घुंगटात बसलेल्या ठकुराईन खुदकन हसल्या. ठाकूरसाहेबांनी लिंबाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुंशीजी, सीधा नाम लिख दो." मोठ्यानं वाचलेल्या कागदापुढे खोटा डौल टिकत नाही, हे मी तिथे शिकलो.

पण मला लिहायचं आहे ते देवस्थळ्यांच्या फ्लॅटबद्दल.

आधी फ्लॅटची भानगड समजावून घ्या. रेल्वेतल्या बारा कर्मचाऱ्यांनी मिळून एक सोसायटी काढली आणि तीन मजली इमारत बांधली. जमीन मात्र विकत घेतलेली नव्हती, सरकारी कार्यालयाकडून पट्ट्यानं घेतली होती. पट्टा म्हणजे लांब मुदतीचं भाडं. भिंती तुमच्या आणि जमीन दुसऱ्याची, असा हा संसार. विकायची वेळ आली की जमीनमालकाची परवानगी लागते. परवानगी मागायला गेलं की ते म्हणतात, इमारतीचा मंजूर नक्शा दाखवा. याच नक्श्याच्या पाठीवर 'काम मंजुरीप्रमाणे पूर्ण झालं' असा शेरा असतो. तो दाखवला नाही तर तुम्ही पंचवीस वर्षं ज्या घरात राहिलात, ते घर कागदोपत्री बांधलंच गेलेलं नसतं. त्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. तिथली बरीच माणसं अजून संध्याकाळी फिरायला भेटतात.

भास्करराव देवस्थळी, ज्यांना मी काका म्हणे, रेल्वेत हेड ड्राफ्ट्समन होते. म्हणजे पुलांचे, शेडचे, क्वार्टरांचे नक्शे काढणारे. या इमारतीचा नक्शा त्यांनीच काढला, मंजूर करून आणला, आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून मूळ प्रत स्वतःच्या घरी ठेवली. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. दवाखान्यातून त्यांना खुर्चीवर बसवून वर चढवलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून ते खाली उतरले नव्हते. मी गेलो की ते खिडकीतून बोट दाखवत आणि एकच शब्द म्हणत, "जमीन."

त्यांच्या पत्नी सिंधूकाकूंनी खंडेराव गेटच्या आत तळमजल्याच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. पुढे अंगण, अंगणात पेरूचं झाड. तो घरमालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होता, पुढे नाही. फ्लॅटला गिऱ्हाईकही होतं. टहरौलीचे रामस्वरूप मास्टर, झाशीच्या शाळेत बदली होऊन आलेले. त्यांना तिसरा मजला पसंत होता, कारण वारा येतो आणि सासुरवाडीची माणसं चढून येत नाहीत. ते मला म्हणाले, "पंडितजी, हमें मकान पसंद है। बस कागज पूरे करवा दो, फिर हम एक दिन की देर नईं करने वाले।"

हे सगळं श्रावणात. मी म्हटलं, आठवड्याचं काम आहे. आयुष्यात जी थोडी विधानं मागे घ्यावीशी वाटतात त्यांतलं हे एक.

नक्शा घ्यायला मी वर गेलो. काकांनी डाव्या हातानं माळ्याकडे खूण केली. तिथे पत्र्याची लांब नळी होती, झाकणावर काकांच्या अक्षरात 'मूळ नक्शा. हात लावू नये.' काकू म्हणाल्या, "मी काढते, तुम्ही नका चढू." त्यांनी नळी काढली, पण माझ्या हातात द्यायला फार वेळ लावला. झाकण उघडलं. आत गुंडाळी होती. उलगडली तर खताच्या एका दुकानाचं जुनं कॅलेंडर. त्यावर ट्रॅक्टरशेजारी उभी हसणारी बाई.

काकांनी कॅलेंडर पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "होता," ते म्हणाले. "नक्शा... होता."

तेवढ्यात दारात तळमजल्याचे सक्सेनाजी आले. नक्शा निघणार म्हणून तेही बघायला चढले होते. त्यांनाही पुढेमागे विकायचं होतंच. कॅलेंडर पाहून म्हणाले, "मुंशीजी, जो चीज़ थी ही नहीं, वो निकलेगी कहाँ से?" आणि उतरून गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात चर्चा सुरू झाली की बाबूजींनी, म्हणजे काकांनी, नक्शा मंजूरच करून घेतला नव्हता, पंचवीस वर्षं बारा घरांना फसवलं. ज्या माणसानं जन्मभर अर्ध्या मिलिमीटरसाठी कागद फाडले त्याच्याबद्दल हे बोललं जात होतं. आणि तो माणूस वर बिछान्यात पडून जिन्यातलं प्रत्येक अक्षर ऐकत होता.

इथे एक कबुली देतो. दोन दिवस माझ्याही मनात आलं, सक्सेनाजी खरं बोलत असतील. कचेरीत इतकी वर्षं काढली की माणूस विश्वासापेक्षा शिक्क्यावर जास्त भिस्त ठेवतो. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

तरी मी कामाला लागलो. कागद हरवणं यात नवल नाही. सरकारात कोणताही कागद एकटा जन्माला येत नाही. एक पक्षकाराला मिळतो, त्याची जुळी प्रत कार्यालयात राहते. मी रेकॉर्डमध्ये गेलो. तिथले बडे बाबू सभ्य गृहस्थ होते. पान पुढे करून म्हणाले, "मुंशीजी, नंबर लाइए, नक्शा ले जाइए।"

"नंबर नक्श्यावर आहे, बडे बाबू."

"तो नक्शा ले आइए, नंबर देख लेंगे।"

यात त्यांची चूक नव्हती. मागे गठ्ठे छतापर्यंत होते, वर्षाप्रमाणे नाही, नंबराप्रमाणे लावलेले. नंबराशिवाय शोधायचं तर त्यांची पेन्शन सुरू होऊन संपली असती. दुसरा मार्ग म्हणजे 'नक्शा कुठेतरी गहाळ झाला' असं सेक्रेटरीचं शपथपत्र, पोलिसांत रपट, वर्तमानपत्रात सूचना, आणि नवीन मोजणी. त्याला वर्ष लागलं असतं. भाद्रपद निम्मा सरला होता.

गणपती उठल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी सिंधूकाकू कचेरीत आल्या. एकट्या. हातात कापडी पिशवी. तख्ताच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "इथे कोणी ऐकत नाही ना?"

"काकू, इथे कोणी कोणाचं ऐकत नाही. म्हणून तर सगळे लिहून देतात."

त्यांनी पिशवीतून एक झबलं काढलं. मग एक टोपडं. दोन्ही पांढरी, मलमलीहून मऊ, काठाला निळ्या दोऱ्याची टीप.

"हा घ्या नक्शा," काकू म्हणाल्या.

आता हे ज्यांनी रेल्वे कॉलनीतले दिवस पाहिले नाहीत त्यांना समजावून सांगायला हवं. त्या काळी महत्त्वाचे नक्शे कागदावर नसत, ट्रेसिंग क्लॉथवर असत. म्हणजे अत्यंत तलम सुती कापड, त्यावर खळीचा चकचकीत थर, निळसर झाक. काळी शाई त्या थरावर बसे. नक्शा जुना झाला की ऑफिस तो रद्दीत काढी आणि ड्राफ्ट्समन मंडळी घरी आणत. घरी बायका तो उकळत्या पाण्यात घालत. खळ सुटे, शाई तिच्याबरोबर निघून जाई, आणि हातात राही असं कापड की बाजारात तसं मिळायचं नाही. आमच्या लोकांत कॉलनीतल्या कितीतरी बाळांची पहिली झबली पुलांच्या आणि इंजिनशेडच्या नक्श्यांची होती. मी स्वतः मावशीकडून मिळालेला असा रुमाल वापरत असे. तो मूळचा पाण्याच्या टाकीचा होता.

"आमच्या सुनीताचं बारसं होतं," काकू म्हणाल्या. "ह्यांनी रद्दी ट्रेसिंगचा गठ्ठा आणलेला, नळीपण तिथेच पडलेली. मला वाटलं, सगळं एकच. धुतलं, शिवलं. वर्षभरानं हे नळीवर लिहायला बसले, 'हात लावू नये.' मी विचारलं, काय आहे त्यात? म्हणाले, सगळ्या इमारतीचा जीव आहे. मग मी काय बोलणार? नळी हलकी लागू नये म्हणून कॅलेंडर घातलं."

"आणि इतकी वर्षं..."

"अजून राहिले असते गप्प. पण काल सक्सेनाजी जिन्यात परत तेच बोलले. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवले नाहीत. माझी अक्कल काढा मुंशीजी, हजारदा काढा. ह्यांना खोटं म्हणू नका कोणी."

मी टोपडं हातात घेतलं. सवयीनं उलटं केलं, कारण कागदाची मागची बाजू पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. आत अस्तर होतं आणि अस्तरावर जांभळे डाग.

"हा तुकडा काही केल्या स्वच्छ होईना," काकू म्हणाल्या. "जितका धुवावा तितका जांभळा. म्हणून आतल्या बाजूला घेतला."

मी तख्ताखालून भिंग काढलं. त्या काळी बाबू लोक मंजुरीचा नंबर कॉपिंग पेन्सिलीनं घालत. ही पेन्सिल कोरडी असताना राखाडी उमटते, पण पाणी लागलं की जांभळी होते आणि मग जन्मात निघत नाही. काकूंनी नक्शा धुतला. त्यातल्या खोल्या, खिडक्या, जिने सगळं वाहून गेलं, आणि धुतल्यामुळेच नंबर पक्का झाला. मी भिंगानं पाहिलं. आकडे फुगले होते, पण वाचता येत होते. फक्त शेवटचा तीन की आठ ते कळेना.

मी तिथेच शपथपत्राचा मसुदा लिहिला. शपथ घेणार सेक्रेटरी, म्हणजे काका. काकूंनी ते ओळखलं. "तुम्ही ह्यांना वाचून नका दाखवू. सही घ्या फक्त. बाकी मी बघते."

"काकू, वाचल्याशिवाय मी कोणाची सही घेत नाही."

"देवाची पण नाही घेणार?"

"देवानं अजून कुठे सही केलेली नाही, म्हणून प्रश्न आला नाही."

त्या हसल्या नाहीत. झबलं पिशवीत ठेवत म्हणाल्या, "मग मी समोर बसते. मला बघून वाचा, त्यांना बघून नका."

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर शपथपत्र वाचलं. मूळ हिंदीत होतं, मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. पाचवं कलम असं होतं: 'यह कि उक्त नक्शा शपथकर्ता की पत्नी द्वारा, रद्दी समझकर, गरम पानी में धोया गया तथा उससे नवजात कन्या हेतु एक झबला एवं एक टोपा सिला गया।' जन्मभर लिहिलेल्या हजारो ओळींत मला ही सगळ्यांत आवडते. पण तेव्हा ती मी काकूंकडे बघत वाचली.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग काका एकेक शब्द वेचत म्हणाले, "किती... पाण्यातून?"

"तीन," काकू म्हणाल्या. "तिसऱ्याला पांढरं झालं."

"रद्दीचं... दोन पाण्यात... होतं." त्यांचा डावा हात हवेत वर झाला. "हे... नवं होतं. खळ... जास्त."

"तेव्हा कळलं नाही मला."

"कापड..." काका म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाची जी बाजू हसू शकत होती ती हसली. "चांगलं होतं."

अंगठा लावायचं त्यांनी साफ नाकारलं. पेन डाव्या हातात घेऊन, नक्श्यावर असतात तशी उभी, सुटी अक्षरं एकामागून एक काढली. दहा मिनिटं लागली. ओळ सरळ होती.

कार्यालयात नवे साहेब होते. खुर्चीवर पांढरा टॉवेल, टेबलावर तीन घंट्या. त्यांतली एकच वाजे. त्यांनी पाचवं कलम दोनदा वाचलं. "यह क्या मज़ाक है?"

"साहब, मज़ाक पर कोई टिकट नहीं लगाता। इस पर लगा है।"

"मूल दस्तावेज़ कहाँ है?"

बरोबर आलेल्या काकूंनी पिशवीत हात घातला आणि टोपडं साहेबांच्या टेबलावर, घंट्यांच्या शेजारी ठेवलं. साहेबांनी ते दोन बोटांत धरलं. मी अस्तर उलटं करून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग बडे बाबूंना बोलावलं. बडे बाबूंनी पाहिलं आणि जाहीर केलं, "साहब, लिखावट हमारे ही दफ्तर की है। तीन-आठ का झगड़ा है, दोनों देख लेंगे।"

साहेब म्हणाले, "ठीक है। यह फाइल में लगेगा।"

"ना भैया," काकू म्हणाल्या. साहेबांना त्या खोलीत भैया बहुधा प्रथमच कोणी म्हटलं असावं. बाहेरच्या शिपायानं आत डोकावून पाहिलं. "ये नहीं दूँगी। सुनीता के बच्चे के लिए रखा है।"

साहेबांनी टोपडं परत टेबलावर ठेवलं. मग त्यांनी वाजणारी घंटी वाजवली आणि टोपड्याचा फोटोस्टॅट काढून आणायला सांगितला. आतून एक, बाहेरून एक. दोन्हींवर शिक्का पडला, 'मूल से मिलान किया, सही पाया', आणि खाली साहेबांची सही, हुद्द्यासकट. सरकारी दफ्तरात टोपड्याची सत्यप्रत दाखल करणारा दुसरा मुंशी असेल तर त्यानं मला पत्र लिहावं. मी त्याला जेवायला बोलावीन.

तीनच्या गठ्ठ्यात काही नव्हतं. आठच्या गठ्ठ्यात कार्यालयाची प्रत सापडली, निळसर, चकचकीत, कोणीही न धुतलेली. पाठीवर काम पूर्ण झाल्याचा शेरा. मी तिची नक्कल घेतली आणि पहिल्यांदा तळमजल्यावर सक्सेनाजींकडे गेलो. बोललो काही नाही, नुसती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सगळी वाचली, मागची बाजूही. मग म्हणाले, "चाय पियोगे?" मी घेतली. माफी मागायची प्रत्येकाची रीत वेगळी असते.

परवानगी नवरात्रात मिळाली. खरेदीखतावर, म्हणजे इकडच्या बैनाम्यावर, सही करायला काकांना खाली उतरावंच लागणार होतं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी सकाळी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवलं, उपरण्यानं बांधलं. पुढचे दोन पाय रामस्वरूप मास्टरांनी आणि त्यांच्या भावानं धरले. मागचा एक मी धरणार होतो, पण सक्सेनाजी वर येऊन उभे होते. म्हणाले, "मुंशीजी, आप कागज़ पकड़ो।" दुसरा दूधवाल्यानं धरला. मी नळी आणि खरेदीखत घेऊन पुढे चाललो, काकू पिशवी घेऊन मागे.

काका पायऱ्या मोजत होते. प्रत्येक वळणावर हात वर करून थांबवत आणि भिंत, कठडा, पायरी निरखून पाहत, जसा कंत्राटदाराचं काम तपासायला आलेला माणूस पाहतो. शेवटच्या पायरीशी खुर्ची टेकली तेव्हा चौघेही घामानं निथळत होते. काका म्हणाले, "पायरी... उंच... काढली. मी."

"का कै रए बाबूजी?" मास्टरांनी मला विचारलं.

मी सांगितलं, म्हणतात, नक्श्यातच पायरीची उंची जास्त ठेवली गेली, चूक माझी आहे.

"लो! अब बता रए!" मास्टर पायरीवर बसकण मारत म्हणाले. "बैनामा तो लिख गओ!"

सगळे हसले, सक्सेनाजी सगळ्यांत मोठ्यानं. काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी डाव्या पायातली चप्पल झटकून काढली आणि पाऊल मातीवर ठेवलं. काकू खाली वाकून चप्पल उचलायला लागल्या, तर त्यांनी हातानं नको म्हटलं.

रिक्षा आली होती. निबंधकाची वेळ ठरलेली होती आणि मी वेळेच्या बाबतीत कडक माणूस म्हणून ओळखला जात असे. त्या दिवशी आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो.